मैत्रिणीची धास्ती पटावर आली तेव्हा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या वाचक एकोणतीस वर्षांच्या. राहायला डोंबिवलीला, नोकरी फोर्टमधल्या एका विमा कचेरीत. कॉलेजच्या बुद्धिबळ संघातली त्यांची मैत्रीण ठाण्याला राहते. नोकऱ्या लागल्यावर दोघींचा खेळ सुटला होता, तो काही वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा धरला. सकाळच्या लोकलमध्ये मैत्रीण ठाण्याला चढते आणि तिथून सीएसएमटीपर्यंत, चौथ्या सीटवर का होईना, फोनवर पट उघडून दोघींचा सराव चालतो.

मैत्रीण काळ्या मोहऱ्यांनी कायम कारो-कान नावाचा बचाव खेळते. पावसाळ्यात एकदा बोलता बोलता ती म्हणाली, “मला कोणी चौथ्या चालीला एच४ टाकलं ना, तर माझं काही खरं नाही. अजून कोणी खेळलं नाही म्हणून निभावलंय.” एच४ म्हणजे पांढऱ्याने कडेचं प्यादं दोन घरं पुढे टाकणं. दोघी हसल्या, विषय संपला.

पुढे दादरच्या एका शाळेत रविवारी सात फेऱ्यांची रॅपिड, म्हणजे डावाला प्रत्येकी पंधरा मिनिटांची, स्पर्धा झाली. सहाव्या फेरीत दोघींची जोडी लागली. पांढरे मोहरे पत्रलेखिकेकडे. एरवी त्या कारो-कानविरुद्ध तिसऱ्या चालीला प्याद्यांची मारामारी करून सरळ डाव मांडतात. या वेळी त्यांनी दोन मिनिटं विचार करून ई५ खेळलं, आणि मग एच४. मैत्रिणीने एकदाच मान वर करून पाहिलं आणि एच५ने उत्तर दिलं. डाव लांबला. शेवटी हत्ती आणि प्यादी उरली, मैत्रिणीच्या घड्याळात सेकंद उरले, तिची एक चाल चुकली आणि ती हरली. महिलांमधलं पहिलं बक्षीस पत्रलेखिकेला मिळालं. मैत्रीण हात मिळवून, “दमलेय, निघते” म्हणून बक्षीस समारंभाआधीच गेली. तेव्हापासून तिची सकाळची गाडी बदलली आहे आणि मेसेजला एका शब्दात उत्तर येतं.

पत्रलेखिका विचारतात, “मी एच४ खेळायला नको होतं का? हा विश्वासघात झाला का? नवरा म्हणतो, तिला हरणं पचत नाही, तू कशाला मनाला लावून घेतेस. मी डाव कंप्युटरवर तपासला. एच४ नंतर डाव समसमानच होता. ते तिला पाठवू का? पुढच्या महिन्यात ठाण्याला स्पर्धा आहे. पुन्हा समोर आलो तर सरळ बरोबरी करून टाकू का?”

उत्तर:

तुम्ही सगळ्यात सोपा प्रश्न सगळ्यात आधी विचारला आहे, म्हणून तो आधी मिटवू. एच४ खेळण्यात काहीही गैर नव्हतं.

ज्या वाचकांचा पटाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी पट्टी, अंक म्हणजे आडवी ओळ. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की कारो-कान खेळणारा आधी सी६ खेळतो आणि पुढच्या चालीला डी५ करून पटाच्या मध्यावर हक्क सांगतो. पांढऱ्याने आपलं प्यादं ई५ला रेटलं की काळा आपला उंट एफ५ला काढतो. हा उंट मोकळा होतो म्हणून तर पुष्कळ जण कारो-कान खेळतात. फ्रेंच बचावात तोच उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडून पडतो. इथे पांढऱ्याने कडेचं प्यादं दोन घरं सरकवलं, म्हणजे एच४ केलं, की चाल दिसायला अगदी बावळट दिसते. काळ्याने सवयीने ई६ केलं की मात्र खेळ कळतो. पांढरा जी४ खेळतो. उंट ई४ला पळाला की एफ३. तो जी६ला मागे आला की पांढऱ्याचं कडेचं प्यादं एच५ला. आता त्याला जायला धड घर नाही. फार तर एखादं प्यादं घेऊन तो मरतो. इंटरनेटवर खेळणाऱ्या हजारो लोकांचा उंट रोज याच रस्त्याने जातो.

तर हे गुपित नाही. १९६१ साली बोत्विनिक आणि तेव्हाचे जगज्जेते मिखाईल ताल या सोव्हिएत खेळाडूंत जगज्जेतेपदाची परतीची लढत झाली, त्यात तालनी हीच एच४ एकाहून अधिक डावांत खेळली. त्याला आता साठाहून जास्त वर्षं झाली. कारो-कानवरच्या कुठल्याही जाडजूड पुस्तकात तिला प्रकरण असतं. ती लढत ताल १३–८ अशी हरले, हेही लक्षात असू द्या. नुसत्या ओपनिंगने, म्हणजे सुरुवातीच्या चालींनी, लढत जिंकता येत असती तर बोत्विनिकना किताब परत मिळाला नसता.

तुमच्या डावातही तेच दिसतं. तुमची मैत्रीण फाशात अडकली नाही. तिने ई६ऐवजी आपलंही कडेचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, म्हणजे एच५ खेळलं, आणि ते अगदी चोख उत्तर आहे. पुढे तीसेक चाली ती तुमच्या बरोबरीने खेळली. ती हरली हत्तीच्या शेवटात आणि घड्याळात. पंधरा मिनिटांच्या डावात हत्ती-प्याद्यांचे शेवट भल्याभल्यांचे सुटतात. तेव्हा “मी तिची कमजोरी वापरून तिला हरवलं” हे तुम्ही मनात धरलेलं वाक्य पटावरच्या पुराव्याशी जुळत नाही. एच४ने तिचा उंट गेला नाही, प्यादंही गेलं नाही. फार तर सुरुवातीला तिची काही मिनिटं जास्त गेली असतील, आणि ती शेवटी नडली असतील. तेवढा हिशेब मी मान्य करते.

इथवर वाचून तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं असेल. पण तुम्ही पत्रात स्वतःहून लिहिलेली एक गोष्ट मला सोडवत नाही. ती दोन मिनिटं.

तिसऱ्या चालीला तुम्ही दोन मिनिटं थांबलात. ज्या जागी तुम्ही वर्षानुवर्षं डोळे मिटून एकच चाल खेळता, तिथे. एकूण पंधरा मिनिटांपैकी दोन. ई५ बरं की प्यादं मारणं बरं, एवढंच तोलायला एवढा वेळ लागत नाही. मला वाटतं, आज मला विचारलेला प्रश्न तुम्ही तेव्हा स्वतःला विचारत होता, आणि त्याचं उत्तर पटावर देऊन टाकलंत. त्यात पाप नाही. सहावी फेरी, समोर बक्षीस, हॉलमध्ये घड्याळांची टिकटिक. माणूस जिंकायलाच बसलेला असतो. पण “खेळात सगळं चालतं ना?” असं आता विचारताना ती दोन मिनिटं विसरू नका. सगळंच चालत असतं तर तुम्ही थांबला नसता.

मग खटकलं काय? समोरच्याची तयारी करणं हा या खेळाचा भागच आहे. स्पर्धेतले डाव छापून येतात, डेटाबेसमध्ये जातात. समोरचा कारो-कान खेळतो हे पाहून तुम्ही रात्री अभ्यास केलात, तर त्याला मेहनत म्हणतात. पण तुमच्या मैत्रिणीला कोणी कधी एच४ खेळलंच नव्हतं. म्हणजे तिचे सगळे डाव चाळूनही कुठल्या परक्या खेळाडूला ही धास्ती सापडली नसती. ती फक्त तुम्हाला ठाऊक होती, कारण तिने ती तुम्हाला गाडीत सांगितली होती. चाल सगळ्या जगाची, भीती मात्र तिची एकटीची. तुमच्या डावात ती भीती काम करून गेली की नाही, हा वेगळा मुद्दा. तिने मान वर करून पाहिलं तेव्हा तिला ‘अरे, एच४!’ असं वाटलं नसणार. ‘अरे, माझंच बोलणं!’ असं वाटलं असणार.

म्हणून ‘विश्वासघात’ हा शब्द मला जड वाटतो, आणि ‘काहीच झालं नाही’ हे खोटं वाटतं. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. बहुतेक मैत्र्या तिथेच दुखावतात आणि तिथेच सावरतातही.

व्यावसायिक खेळाडू ही जागा मोकळी सोडत नाहीत. पीटर हाइन नील्सन हे डॅनिश ग्रँडमास्टर अनेक वर्षं विश्वनाथन आनंद यांचे सहायक होते. आनंद यांची ओपनिंगची वही त्यांनी आतून पाहिलेली. २०१३ मध्ये ते मॅग्नस कार्लसनच्या गोटात गेले, आणि त्याच वर्षी चेन्नईत आनंद आणि कार्लसन जगज्जेतेपदासाठी समोरासमोर आले. त्या लढतीपुरते नील्सन कोणाच्याच बाजूने कामाला बसले नाहीत. तसं आधीच ठरलेलं होतं. कोणाचा कोणावर विश्वास नव्हता म्हणून ते ठरलं, असं समजू नका. ठरवून ठेवलं की विश्वासाची परीक्षा घेण्याची वेळच येत नाही, आणि ही वेळ न येणं फार सोयीचं असतं. लोकलमध्ये फोन पुढ्यात घेऊन बसणाऱ्या दोन मैत्रिणी करार करत नाहीत, करायलाही नको. पण एक वाक्य बोलून ठेवायला काय हरकत होती? तुम्ही दोघींनी एवढी वर्षं एकत्र सराव केला आणि ‘आपलीच जोडी लागली तर?’ हा प्रश्न एकदाही निघाला नाही, याचं मला नवल वाटतं. स्विस लीग पद्धतीत सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात. दोघी चांगल्या खेळल्या की आज ना उद्या समोरासमोर येणारच होत्या.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. “तिला हरणं पचत नाही.” असेलही. पण हे तुम्ही तिला विचारलेलं नाही, आणि त्यांनीही विचारलेलं नाही. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही एच४शी जोडला, कारण तुमच्या मनाला तेच टोचतंय. ती कदाचित हत्तीच्या त्या एका चालीवर अजून स्वतःशी भांडत असेल. महिलांचं बक्षीस हुकल्याची चुटपुट असेल. ऑफिसची वेळ बदलली म्हणून गाडी बदलली असेल. आणि असंही असेल की तुम्ही समजता तेच खरं आहे. माझा कौल शेवटच्या शक्यतेकडेच आहे, पण तुमच्या पत्रावरून मी हे छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि तुम्हीही सांगू नये. नवऱ्याच्या वाक्यात एक धोका आहे. त्यामुळे सगळा दोष समोरच्या माणसाच्या स्वभावावर जातो आणि आपण मोकळे होतो. एवढी स्वस्त सुटका सहसा टिकत नाही.

कंप्युटरचं विश्लेषण तिला पाठवू नका. कृपा करून नका पाठवू. तुम्हाला म्हणायचंय, ‘बघ, मी तुझं नुकसान केलं नाही.’ तिला ऐकू येईल, ‘बघ, तू चांगल्या डावात हरलीस, माझा काय दोष?’ आकडा बरोबर असला तरी ती त्याच्याशी भांडत नाहीये. शिवाय डाव तिनेही तपासला असेलच. आजकाल हरलेला माणूस घरी पोचायच्या आत फोनवर डाव तपासून मोकळा होतो.

बरोबरीचा बेत तर अजिबात करू नका. एक तर डावाचा निकाल आधी ठरवून खेळणं नियमाबाहेर आहे. फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, आचारसंहिता त्याकडे गांभीर्याने बघते, आणि स्थानिक स्पर्धेतला आर्बिटरसुद्धा, म्हणजे पंचसुद्धा, दहा चालींची गुळमुळीत बरोबरी ओळखतो. याचा इतिहासही बरा नाही. १९६२ साली कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवायची स्पर्धा झाली, तिथे पेट्रोस्यान, गेलर आणि केरेस या तीन सोव्हिएत खेळाडूंच्या आपसातल्या बाराच्या बारा डावांत बरोबरी झाली. अमेरिकेच्या बॉबी फिशरने त्यावर जाहीर तोफ डागली आणि पुढे फिडेला त्या स्पर्धेचं स्वरूपच बदलावं लागलं. दुसरं म्हणजे, तुमच्या मैत्रिणीला तुमच्याकडून अर्धा गुण नकोय. रविवारची झोप मोडून, मेगाब्लॉकमध्ये धक्के खात जो स्पर्धेला जातो, त्याला खेळायचं असतं. तिच्यासमोर मुद्दाम मिळमिळीत खेळणं हा तिचा दुसऱ्यांदा अपमान होईल, आणि या वेळी तो तुम्ही समजून उमजून केलेला असेल.

मग करायचं काय? तिला भेटा. मेसेजवर नको. मेसेजमध्ये ‘सॉरी’ लिहिलं की समोरून ‘अगं काय हे’ येतं, दोघी अंगठा दाखवतात आणि गोष्ट तिथेच कुजते. ठाणे स्टेशनबाहेर चहा प्यायला बोलवा, किंवा एखाद्या सकाळी तिच्या नव्या गाडीने जा. बोलताना माफी कशाची मागताय हे आधी स्वतःशी पक्कं करा. जिंकल्याची माफी मागू नका, तिला ती दया वाटेल. एच४ची माफी मागू नका, ती चाल आहे. म्हणायचं ते एवढंच: “तू मला गाडीत जे बोलली होतीस ते मला त्या क्षणी आठवलं आणि मी ते वापरलं. वापरण्याआधी मी थांबले होते. तुला कसं वाटेल हे मला कळत होतं.” ही तिन्ही वाक्यं तुमच्याच पत्रातून येतात, मी फक्त ती एकत्र ठेवली. शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड आहे, म्हणून ते गाळू नका.

त्यानंतर तिला बोलू द्या. ती चिडली तर तिच्याशी हुज्जत घालू नका. ती म्हणाली, “अगं, मी ते विसरूनही गेले होते, मला तो हत्ती खातोय,” तर दोघी मिळून त्या हत्तीच्या शेवटावर बसा. आणि ती म्हणाली, “आपण आता एकत्र सराव नको करायला,” तर तेही मान्य करा. मैत्री राहील आणि सराव थांबेल, असंही होतं. त्यात काही जगबुडी नाही.

सराव पुन्हा सुरू झालाच तर थोडी शिस्त लावून घ्या. हे मी तुमच्यासारख्या इतर जोड्यांसाठीही लिहितेय. एकाच क्लासला जाणारी मुलं, एकाच सोसायटीतले बाप-काका, एकाच प्रशिक्षकाकडे पैसे भरणाऱ्या आया, या सगळ्यांची पत्रं थोड्याफार फरकाने हीच असतात.

एकत्र बसायला सगळ्यात चांगला विषय शेवटांचा, म्हणजे मोहरे कमी उरल्यावरच्या खेळाचा. हत्तीचे शेवट, प्याद्यांचे शेवट, विरुद्ध रंगाचे उंट. यात कोणाचं गुपित नसतं आणि दोघांचाही फायदा सारखाच होतो. तुमचा दादरचा डावही तिथेच फिरला. मधल्या खेळातले डावपेच, जुने गाजलेले डाव, तेही खुशाल एकत्र पाहा. ओपनिंगचं मात्र जरा जपून. अगदी मैत्रीतसुद्धा, स्पर्धा जवळ आली की आपापली वही आपापल्याकडे ठेवलेली बरी. आपल्याकडच्या क्लासांत एकाच प्रशिक्षकाची वीस मुलं एकच ओपनिंग घोकतात आणि मग एकमेकांसमोर तेच ते डाव खेळतात. मला त्यात फारसं शहाणपण दिसत नाही. शिवाय एकत्र केलेल्या तयारीत खड्डेही सामाईक असतात. १९५५ मध्ये स्वीडनमधल्या गोटेबर्गला अर्जेंटिनाच्या तीन खेळाडूंनी, नायडॉर्फ, पान्नो आणि पिल्निक यांनी, एकाच दिवशी एकाच फेरीत तीन सोव्हिएत खेळाडूंविरुद्ध सिसिलियन बचावातली एकच तयारी पटावर मांडली. गेलरनी पान्नोविरुद्ध घोड्याचा बळी दिला आणि मग उंट बी५ला आणून बसवला. केरेस आणि स्पास्की यांनीही आपापल्या पटावर तेच केलं. तिन्ही अर्जेंटिनी हरले. तिघांचा अभ्यास एक, म्हणून तिघांची चूकही एक.

आणि ती राहून गेलेली गोष्ट आता तरी बोलून घ्या. ‘आपली जोडी लागली तर आपण कसं खेळायचं?’ माझ्या मते सोपा नियम असा: समोरच्याच्या जाहीर डावांमधून जे कुणालाही कळलं असतं ते वापरायचं. फक्त मैत्रीतून जे कळलं ते त्या डावापुरतं बाजूला ठेवायचं. नियम पाळणं दर वेळी सोपं जाणार नाही, कारण एकदा कळलेलं विसरता येत नाही. पण नियम बोललेला असेल तर तिसऱ्या चालीला दोन मिनिटं घालवावी लागत नाहीत. तुम्ही दोघी वेगळा नियमही ठरवू शकता. ‘पटावर बसलो की सगळं माफ’ हासुद्धा नियमच आहे आणि काही जोड्यांना तोच मानवतो. फक्त तो दोघींनी आधी ठरवायचा. एकीने चौथ्या चालीला ठरवायचा नाही.

मुंबईच्याच खाडिलकर भगिनींची इथे आठवण होते. वासंती, जयश्री, रोहिणी, तिघी एका घरातल्या. १९७४ मधली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती यांनी जिंकली आणि पुढे तो किताब जयश्री आणि रोहिणी यांनीही मिळवला. एका छपराखाली राहणाऱ्या बहिणींना कोणाची कुठली चाल कच्ची हे कळत नसेल असं होणारच नाही. त्यांच्या घरात याबद्दल काय बोलणं होत असेल कुणास ठाऊक, पण एकमेकींना आतून-बाहेरून ओळखणारे खेळाडू एकाच स्पर्धेत उतरतात ही काही तुमच्यावरच आलेली आफत नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

पालकांना एक वेगळी सूचना. मुलं अशी भांडतात तेव्हा आया मधे पडतात आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं महाभारत होतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चाल आणि विश्वास यांतला फरक कळतो, पण तो समजावून सांगायला त्याच्याजवळ कोणीतरी शांत बसावं लागतं. ‘जिंकलास ना, मग झालं’ हे त्याला सांगू नका. ‘तू मित्राचं वाईट केलंस’ हेही नको. त्याला विचारा, “ती चाल तुला पटावर सुचली की त्याने सांगितलं होतं म्हणून?” उत्तर काहीही येवो, बक्षीस मात्र त्याच्याकडून परत मागू नका. ते त्याने खेळून मिळवलंय. तुम्हीही तुमचं चषक कपाटात लपवून ठेवू नका. हत्तीचा शेवट तुम्ही जिंकलात, तो फुकट मिळाला नाही.

आता राहिली ठाण्याची स्पर्धा. तोवर तुमचं बोलणं झालं असेल तर दोघींनी ठरवलं असेल तसं खेळा. झालं नसेल आणि जोडी लागलीच, तर एखाद्या अनोळखी पण चांगल्या खेळाडूसमोर जे खेळला असता तेच खेळा, आणि पूर्ण ताकदीने खेळा. एच४ची आता अडचण उरलेली नाही. दादरच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत, ती एकदा तिच्यासमोर येऊन गेली आहे. आता ती तिच्या जाहीर डावांमधली एक आहे आणि ती खेळायचा हक्क कुणालाही आहे, तुम्हालासुद्धा. फक्त खेळणार असाल तर आधी अभ्यास करून जा, कारण या वेळी ती एच५ खेळून थांबणार नाही. पुढच्या पंधरा चाली तिच्या पाठ असतील, हे धरूनच बसा.